चुळबुळ कोणी कबूल करत नाही, पण ‘बसवत नाही’ हे सगळे सांगतात

ताई, तुमची अडचण अशी आहे: तुम्ही मूळच्या साताऱ्याकडच्या, सध्या शिरपूर तालुक्यात समुपदेशनाचं काम करता. प्रश्नावलीत ‘फिजेटी ऑर रेस्टलेस’ असं आलं की मराठीत काय विचारावं ते कळत नाही. ‘तुम्ही चुळबुळ करता का?’ असं विचारलं तर मोठी माणसं हसतात नाहीतर ‘छे, नाही’ म्हणतात, आणि त्याच वेळी त्यांचा पाय टेबलाखाली हलत असतो. ‘अस्वस्थ वाटतं का?’ विचारलं तर जो तो ‘हो’ म्हणतो. एका शब्दाला सगळे नाही, दुसऱ्याला सगळे हो. मग तिसरा शब्द कोणता, एवढं तुम्हाला हवं आहे.

मी जळगावला मनोविकारांची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली माणसं येतात, अमळनेर-पारोळ्याकडची येतात, सातपुड्यातून उतरून आलेलीही येतात. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून सांगतो, तिसरा शब्द शोधण्यात तुमचा वेळ जाईल. अडचण शब्दाच्या अर्थाची नाहीच. तो शब्द कोणाच्या तोंडचा आहे, ही खरी अडचण आहे. अंगाच्या हालचालीबद्दलचे आपले शब्द दोन प्रकारचे असतात. काही शब्द समोर बसून बघणाऱ्याचे, काही आतून सोसणाऱ्याचे. बघणाऱ्याचा शब्द सोसणाऱ्याला विचारला की तो नाकारतो, कारण त्या शब्दात त्याच्यावर ठपका असतो.

चुळबुळ घ्या. हा शब्द आपण पहिल्यांदा कुठे ऐकतो? वर्गात, पंगतीत, कीर्तनाला आईजवळ बसलेलो असताना. ‘चुळबुळ करू नको, नीट बस.’ म्हणजे पोराने करायची आणि मोठ्याने दटावायची अशी ती गोष्ट. पंचावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याला गावात नाना म्हणतात, त्याला तुम्ही विचारता की नाना, तुम्ही चुळबुळ करता का. तो हसणारच. तुम्ही त्याला वर्गातल्या पोरांच्या रांगेत बसवलंय. शिवाय चुळबुळीला अजून एक छटा आहे. सभेत लोक चुळबुळ करायला लागले म्हणजे कंटाळले, उठायच्या बेतात आले. तेव्हा बाईंसमोर चुळबुळ कबूल करणं म्हणजे ‘तुमच्याशी बोलायचा कंटाळा आलाय’ असं म्हणणं. आपली माणसं इतकी उद्धट नसतात.

पाय हलवण्याचं तर आणखी वेगळं आहे. बसल्या जागी पाय हलवणं आपल्याकडे अशुभ मानतात, लक्ष्मी जाते म्हणतात. लहानपणापासून आजीने गुडघ्यावर चापट मारून तो पाय थांबवलेला असतो. त्यामुळे ‘पाय हलवता का?’ हे विचारलं रे विचारलं की पाय थांबतो. तुमच्या डोळ्यांदेखत थांबतो. त्या थांबण्याकडे मात्र लक्ष द्या. मनात आणल्यावर थांबला, आणि बोलण्यात गुंगल्यावर पुन्हा सुरू झाला, तर ती सवय किंवा काळजीतला चाळा. थांबवल्यावर माणूस कासावीस व्हायला लागला, मांडी दाबून धरायला लागला, उठूनच उभा राहिला, तर ते निराळं. आणि मनात आणूनही थांबलाच नाही तर ते तिसरंच. तिन्हींना मराठीत वरवर ‘पाय हलतो’ म्हणतात.

‘अस्वस्थ’चं उलट आहे. त्या शब्दात ठपका काहीच नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो. पण तो छापील शब्द आहे. पोट बिघडलं तरी अस्वस्थ, मुलीचं लग्न जमत नाही म्हणून अस्वस्थ, पावसाने दडी मारली म्हणून अस्वस्थ. ‘बेचैन’ आणि ‘टेन्शन’ यांचंही तेच झालंय. टेन्शन तर आता दुखण्याचं नाव राहिलेलं नाही, परिस्थितीचं नाव झालंय. या तिन्हींना हो आलं तर ‘म्हणजे काय होतं?’ हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. नाहीतर ते हो मोजण्याच्या लायकीचं नाही.

आता सोसणाऱ्याचे शब्द. इथे मराठी फार श्रीमंत आहे, आणि यातला एकेक शब्द नेमकी वेगळी खूण देतो.

घालमेल जीवाची होते. हातापायाची होत नाही. निर्णय लागत नाही, बातमी येत नाही, पोरगा रात्री दहापर्यंत घरी आला नाही, तेव्हा घालमेल. बाहेरून माणूस शांत बसलेलाही दिसेल. धाकधूक त्याच्या जवळची, पण तिला समोर एक ठरलेला क्षण लागतो: निकाल, ऑपरेशन, कोर्टाची तारीख. तो क्षण गेला की धाकधूक संपते. महिनोन्महिने रोज ‘उगाच धाकधूक होते’ असं कोणी म्हणालं, तर मी कान टवकारतो, कारण त्या शब्दाला समोर जे लागतं ते त्याच्याकडे नाहीये. विनाकारण काळजीच्या आजाराची याहून चांगली मराठी व्याख्या मला माहीत नाही. हुरहुर त्याहून हलकी. तिच्यात थोडा विरह असतो, अंग हलत नाही, तिला आजार समजू नका.

तगमग अंगाची होते, आणि तिच्यात ऊन असतं. ताप, उकाडा, पोटातली आग. आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा निम्मा जिल्हा तगमगत असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ‘तगमग होते’ याला हो आलं म्हणून लगेच गुण देऊ नका. आधी विचारा, पंख्याखाली बसल्यावर, संध्याकाळी अंगावर पाणी घेतल्यावर कमी होते का. ‘उलघाल’ म्हणणारेही भेटतील, तिचा अर्थ तगमग आणि घालमेल यांच्या मधोमध कुठेतरी असतो. बोट कुठे ठेवतात ते बघा. पोटावर, छातीवर, की नुसताच हात हवेत फिरवतात.

तळमळ रात्रीची. ‘रात्रभर तळमळत होतो’ म्हणजे अंथरुणावर कुशी पालटत होतो, झोप नव्हती. झोपेबद्दल विचारायला हा शब्द उत्तम. पण ‘तुम्हाला तळमळ आहे का?’ असं नाम वापरून विचारलंत तर घोटाळा होईल. गावासाठी तळमळ, शिक्षणाची तळमळ, हा गौरवाचा शब्द आहे. सरपंच छाती काढून हो म्हणतील. क्रियापद वापरा: ‘रात्री तळमळत पडता का?’ तडफड शक्यतो विचारूच नका. ती मरणाच्या किंवा असह्य वेदनेच्या शेजारी राहते, म्हातारी माणसं दचकतात.

कासावीस श्वासाशी आणि तहानेशी बांधलेला शब्द. त्याच्याच शेजारी आपल्या भागातला सगळ्यात मोठा शब्द बसलाय, ‘जीव घाबरणं’. अहिराणीत विचारलंत, ‘काय व्हस?’ तर पहिलं उत्तर बहुतेक ‘जीव घाबरस’ हेच येईल. इथे तुम्ही, बाहेरून आलेल्या म्हणून, विशेष जपा. ‘मी घाबरलो’ म्हणजे भीती वाटली. ‘माझा जीव घाबरतोय’ यात भीती असेलच असं नाही. दम कोंडणं, छातीत धडधडणं, मळमळ, चक्कर येईलसं वाटणं, साखर उतरणं, हे सगळं त्या दोन शब्दांत मावतं. त्यामुळे ‘जीव घाबरतो’ ऐकून ‘भीती, चिंता’ या रकान्यात खूण करू नका. आणि पन्नाशीच्या माणसाचा जीव आत्ता, या क्षणी घाबरतोय, सोबत दरदरून घाम आहे, छाती किंवा डावा हात किंवा जबडा जड झालाय, तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि त्याला ईसीजी होईल तिथे पाठवा. पॅनिकचा झटकाही अगदी असाच दिसू शकतो, पण ते ईसीजी पाहिल्यानंतर म्हणायचं, आधी नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा असेल तर साखरही लगेच तपासायला सांगा.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो. ‘बसत नाही’ आणि ‘बसवत नाही’. एका ‘व’चा फरक. ‘बसत नाही’ हे बायको सांगते, भाऊ सांगतो: ‘हा एका जागी बसतच नाही, डॉक्टर.’ त्यात तक्रार आहे, याने मनावर घेतलं तर बसेल असं गृहीत आहे. ‘बसवत नाही’ हे ज्याचं त्यालाच सांगता येतं. त्यात हट्ट नाही आणि पांगळेपणाही नाही. मला बसायचंय, बसता येतं, पण बसून राहणं सोसत नाही. राहवत नाही, बघवत नाही, खाववत नाही, तसंच हे. हे क्रियापदाचं रूप आपल्या भाषेत घडीव तयार आहे, आणि नेमक्या ज्या अवस्थेला डॉक्टर चुकतात तिचं वर्णन ते करतं.

ती अवस्था म्हणजे अकाथिसिया. ग्रीकमधून बनवलेलं नाव, अर्थ ‘न बसता येणं’ असाच. लादिस्लाव हाश्कोवेत्स या चेक डॉक्टरने १९०१ मध्ये ते वापरलं. तेव्हा मनोविकारावरची आजची औषधं जन्मालाही आली नव्हती. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आलं, त्यामागून हॅलोपेरिडॉलसारखी आली, आणि ही अवस्था औषधाचा परिणाम म्हणून सर्रास दिसायला लागली. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रामाइडनेही होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

एक गृहस्थ डोळ्यांसमोर आहेत. चोपड्याकडचे, केळीचे शेतकरी. त्यांना कानात आवाज येत होते, त्यासाठी दुसरीकडे गोळ्या सुरू झाल्या होत्या. माझ्याकडे आले ते उभेच राहिले. खुर्ची दिली, बसले, पुन्हा उठले. उभे असतानाही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, जागच्या जागी चालल्यासारखं. भाऊ म्हणाला, ‘याचं वेड वाढलं, साहेब, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतो. गोळी वाढवून द्या.’ मी त्यांनाच विचारलं, ‘जिभाऊ, चालून बरं वाटतं का?’ म्हणाले, ‘चालतो तोवर बरं. बसवत नाही. आतून कोणी ढकलतंय.’ आवाज येतात का, विचारलं. म्हणाले, ‘ते तर कमी झाले.’ आजार उतरत होता आणि येरझाऱ्या वाढत होत्या. भावाचं ऐकून गोळी वाढवली असती तर हाल वाढले असते. अशा वेळी डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा सोबत दुसरं देतात. ते काम डॉक्टरचं. घरच्यांनी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. पण डॉक्टरपर्यंत ‘बसवत नाही’ हा शब्द जशाचा तसा पोचवणं हे तुमचं काम आहे. ‘रुग्ण बेचैन’ असं चिठ्ठीवर लिहिलंत तर तो शब्द वाटेतच मेला. ही अवस्था इतकी असह्य असते की त्यापायी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येऊ शकतात, तेव्हा तेही न संकोचता विचारा.

म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: बसवत नाही असं तो स्वतः म्हणतो का, चालल्याने बरं वाटतं का, आणि हे कोणत्या गोळीनंतर सुरू झालं.

दुसरी सवय लावून घ्या ती क्रियापद ऐकण्याची. शब्दापेक्षा त्याच्या मागे येणारं क्रियापद जास्त सांगतं. चुळबुळ माणूस ‘करतो’. येरझाऱ्या ‘घालतो’. या गोष्टींचा कर्ता तोच. चाळा ‘लागतो’. म्हणजे सुरुवात त्याने केली नाही, पण हात त्याचाच आहे, आठवण दिली तर थांबतो. शर्टाचं बटण फिरवणं, पदराचं टोक बोटाला गुंडाळणं, मिशी ओढणं, नखं खाणं, हे चाळे. घालमेल ‘होते’. कापरं ‘भरतं’, हुडहुडी ‘भरते’, कंप ‘सुटतो’, थरकाप ‘उडतो’, घाम ‘फुटतो’. इथे माणूस कर्ता राहिलेला नाही, हे त्याच्या अंगावर येतं. मराठी बोलणारा माणूस, शाळेत गेलेला असो की नसो, ही क्रियापदं चुकत नाही. ‘मी पाय हलवतो’ आणि ‘माझा पाय हलतो’ यांतला फरक आजीबाईसुद्धा काटेकोर पाळते. आपण लिहिताना ‘पायांची हालचाल’ असं करून टाकतो आणि हाती आलेली खूण पुसून टाकतो.

थरथर हा शब्द तर फार ओझं वाहतो. भीतीने थरथर, रागाने थरथर, थंडीने, म्हातारपणाने. ‘हात थरथरतात’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कधी? चहाची बशी उचलताना, सही करताना, भाकरी थापताना थरथरतात आणि मांडीवर ठेवल्यावर शांत होतात, तर ती एक जात. ती पुष्कळदा घराण्यात असते, ‘आमच्या बापाचेही हात असेच होते’ असं सांगतात. उलट, हात मांडीवर निवांत असताना हलतो, अंगठा बोटावर तंबाखू मळल्यासारखा फिरतो, आणि वस्तू धरायला गेलं की कमी होतो, तर ती दुसरी जात. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये लिहून ठेवलेली. बहुधा एका बाजूने सुरुवात होते, चाल संथ होते, अक्षर बारीक होत जातं. या माणसाला घरचे ‘घाबरट झालाय’ म्हणतात, कारण लोकांसमोर थरथर वाढते. वाढतेच ती. पण घाबरल्याने वाढणं वेगळं आणि घाबरल्याने होणं वेगळं. त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा फिजिशियनकडे पाठवा.

सकाळी थरथर, पहिला घोट घेतल्यावर थांबते, हे कोणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं, आणि बायकोसमोर विचारू नये. शेवटच्या दारूनंतर काही तासांत कापरं सुटणं ही दारू उतरण्याची खूण आहे. असा माणूस ‘आजपासून एकदम सोडली’ म्हणत असेल तर कौतुक करा, पण एकट्याने सोडू देऊ नका. त्यात झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, दवाखान्याच्या देखरेखीखाली सोडायची असते ती. बाकी दम्याचा पंप, थायरॉइड वाढणं, दिवसभरचा चहा, यांनीही हात कापतात. हे सगळं काळजीच्या खात्यावर लिहायचं नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट तुम्हाला साताऱ्याकडे बहुधा भेटली नसेल. कापसावर फवारणी सुरू झाली, पावसाळ्याच्या मध्यापासून पुढे, की ‘अंग उडतंय’, ‘मांस फडफडतंय’ असं म्हणत कोणी येईल. डोळ्याची पापणी लवते तेव्हा आपण शकुन-अपशकुन बघतो, ते निरुपद्रवी असतं, झोप झाली की जातं. पण दंडाचं, मांडीचं, पाठीचं मांस कातडीखाली जागोजाग उडतंय, सोबत घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, डोळ्यापुढे धुरकट, आणि माणूस त्या दिवशी फवारून आलाय, तर ती कीटकनाशकाची बाधा समजा. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी हे होतं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसते. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घाला, आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन. अशा माणसाला ‘घाबरलाय, पाणी पाजा’ म्हणून खाटेवर निजवलेलं असतं. तो घाबरलेलाही असतो, ते खोटं नाही.

पायांबद्दल. बायका तुम्हाला हमखास सांगतील की रात्री पडलं की पायात ‘वळवळतं’, ‘पाय शिवशिवतात’, ‘पाय ओढतात’. पोराला पायावर उभं राहायला सांगतात, पोटऱ्यांना फडकं करकचून बांधतात, मध्यरात्री उठून ओट्यावर फेऱ्या मारतात. याला मुंग्या येणं म्हणू नका, मुंग्या बधिरपणाच्या. गोळा येणं म्हणू नका, गोळ्यात स्नायू दगडासारखा होतो आणि कळ निघते. वळवळीत कळ कमी, आणि हलवल्याशिवाय राहवत नाही ही ओढ जास्त. संध्याकाळनंतर वाढते, पडलं-बसलं की वाढते, चाललं की कमी. स्वीडनचे कार्ल-अक्सेल एकबोम यांनी १९४० च्या दशकात या आजाराचं नीट वर्णन केलं, इंग्रजीत त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. रक्तातल्या लोहाशी त्याचा मोठा संबंध आहे. गरोदर बायांत, पाळी जास्त जाणाऱ्यांत, मूत्रपिंडाच्या रुग्णांत तो जास्त दिसतो. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठ्यातलं लोह कमी असू शकतं, म्हणून फेरिटिन तपासायला सांगावं. कित्येक जणींना ‘संसाराची काळजी’ म्हणून झोपेची गोळी मिळालेली असते, आणि पाय तसेच वळवळत राहतात.

अंथरुणातली आणखी एक हालचाल सांगतो, कारण ती बघणाऱ्याच्याच शब्दात येते, सोसणाऱ्याला सांगायची शुद्ध नसते. ‘बाबा कालपासून गोधडीचे दोरे उपसतात’, ‘चादर चिवडतात’, ‘हवेत काहीतरी वेचतात’. लोक म्हणतात ‘वात झाला’, किंवा ‘जायची वेळ आली’. म्हाताऱ्या माणसात हे अचानक, एक-दोन दिवसांत सुरू झालं, सकाळी बरं आणि रात्री जास्त असं चढउतार असलं, तर तो भ्रम म्हणजे डिलिरियम असतो. त्याच्या मागे लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, एखादं नवं औषध, असं काहीतरी सापडतं आणि पुष्कळदा बरं करता येतं. इथे समुपदेशन नाही, दवाखाना. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन.

तर मग प्रश्नावलीत काय लिहायचं? हे तुम्ही कशासाठी विचारताय त्यावर आहे. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची प्रश्नावली) किंवा जीएडी-७ (काळजी मोजायची) यांचं तपासून घेतलेलं मराठी भाषांतर वापरून गुण मोजत असाल, आणि ते गुण कुठे पाठवायचे असतील, तर छापील वाक्य बदलू नका. आधी ते जसंच्या तसं वाचा, उत्तर नोंदवा, आणि खाली स्वतःचा प्रश्न वेगळा विचारून वेगळा लिहा. नाहीतर तुमचे गुण शेजारच्या तालुक्याशी जुळणार नाहीत. हेही बघा की जीएडी-७ मधला पाचवा प्रश्न मुळातच ‘इतकं अस्वस्थ की स्वस्थ बसणं कठीण’ असा आहे, म्हणजे आपलं ‘बसवत नाही’. आणि पीएचक्यू-९ मधल्या आठव्या प्रश्नात ‘इतरांच्या लक्षात येईल इतकं’ असे शब्द आहेत. बघणारा माणूस त्या प्रश्नातच बसवलेला आहे. मग घरच्या माणसाला का विचारू नये?

मी स्वतः असं विचारतो. रुग्णाला: ‘गेल्या पंधरा दिवसांत असं झालं का, की बसावंसं वाटतं पण बसवत नाही, उठून फेरी मारावीच लागते?’ आणि ‘हातापायांना काही चाळा लागलाय का?’ चाळ्यात दोष कमी वाटतो, कारण तो लागतो, आपण लावत नाही. मग घरच्याला, रुग्णासमोरच पण त्याच्याकडे न बघता: ‘ताई, हे घरी कसे असतात? एका जागी टेकतात, की भिंगरी लागल्यासारखं?’ इथे बघणाऱ्याचे शब्द बिनधास्त वापरा. चुळबुळ, वळवळ, लगबग, धांदल, कावराबावरा, सगळे चालतात, कारण आता ज्याचे ते शब्द त्यालाच विचारले जातायत. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर न जुळणं हीच नोंद करा: ‘स्वतः नाही म्हणतात, पत्नी हो म्हणते, बोलताना उजवा पाय सतत हलत होता, प्रश्न विचारल्यावर थांबला.’ अशी एक ओळ माझ्यासारख्याला गुणांच्या आकड्याइतकीच उपयोगी पडते.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात की पावरी आणि भिली बोलणारी माणसं येतील. तिथे वर लिहिलेला शब्दन् शब्द मराठीचा आहे हे लक्षात ठेवा. दुभाष्याचं काम आशाताईंना सांगा, पण ‘घालमेलला तुमच्यात काय म्हणतात’ असं विचारू नका. प्रसंग सांगा: पोर तापाने फणफणलंय, पाऊस आहे, गाडी येत नाही, तेव्हा बाईच्या अंगात काय काय होतं, त्याला काय म्हणतात? मग जो शब्द येईल तो लिहून घ्या आणि दुसऱ्या पाड्यावर पडताळून बघा. अहिराणीतही हेच करा. तुमची अहिराणी मोडकी असली तरी चालेल, ‘कसं वाटस?’ एवढं विचारलंत तरी समोरच्याचे खांदे सैल पडतात आणि मग तो छापील उत्तरं देत नाही.

शेवटी तुम्ही शाळेतल्या मुलांबद्दल विचारलंय. तिथे चुळबुळ हा शब्द वापरायला हरकत नाही, तो शब्द मुळात वर्गाचाच आहे. पण शिक्षकांनी फॉर्मवर ‘वांड’, ‘द्वाड’ असं लिहिलं तर तो परत करा आणि काय करतो ते लिहायला सांगा: बाकावरून किती वेळा उठतो, दुसऱ्याचं बोलणं तोडतो का, आवडीच्या खेळात तरी टिकतो का, आणि हे घरीही होतं का. चंचलतेच्या आजाराची, म्हणजे एडीएचडीची, लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. नुसती वर्गात, नुसती एका सरांच्या तासाला होणारी चुळबुळ ही बहुतेक वेळा त्या तासाची असते. आणि एखादं पोर डोळे मिचकावतं, खांदा उडवतं, घसा खाकरत राहतं, ओरडलं की क्षणभर थांबवतं आणि मग दुप्पट करतं, तर ते टिक्स, म्हणजे पुन्हापुन्हा होणाऱ्या अनावर हालचाली किंवा आवाज असतात. त्याला ‘पुन्हा केलंस तर बघ’ म्हणणाऱ्या सरांना आधी भेटा, मग पोराला.

ता. क. तुमच्या फॉर्मचा मसुदा इथेच टाका. आठव्या प्रश्नाखाली रिकामी दोन ओळींची जागा ठेवली असेल तर फार बरं होईल.